शहरी गरिबांचा न्याय आणि ख्रिस्ती श्रद्धा

शहरी गरिबांचा न्याय आणि ख्रिस्ती श्रद्धा : शहर ज्यांच्या कष्टावर चालते, पण शहराच्या जमिनीत, पाण्यात आणि कागदपत्रांत ज्यांना वाटा मिळत नाही, अशा माणसांच्या बाजूने उभे राहणे हा उपासनेचाच भाग आहे, असे मानणारा ख्रिस्ती विचार आणि त्यातून आलेले आचरण. या विचारात दया आणि न्याय हे शब्द जोडीने येत असले तरी त्यांचा अर्थ एक नाही. भुकेल्याला जेवू घालणे ही दया. दिवसभर राबूनही तो उपाशी का राहिला याचा जाब विचारणे आणि त्याचा हक्क त्याच्या पदरात पडेपर्यंत त्याच्यासोबत राहणे हा न्याय. कोल्हापूरच्या संदर्भात हा फरक विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथे ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, दयेचे काम जुने आणि मोठे असून न्यायाचे काम त्या मानाने कमी झाले आहे.

बायबलच्या जुन्या करारात गरिबाचा वाटा दात्याच्या मर्जीवर सोडलेला नाही, तो नियमशास्त्रातच घातला आहे. शेताच्या कडेचे पीक कापू नये आणि सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेले धान्य, गरिबासाठी व उपऱ्यासाठी राहू द्यावा, असे लेवीय हे पुस्तक सांगते. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, असे अनुवाद या पुस्तकात आहे. नहेम्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तर यरुशलेम शहरातच लोक कर्जापायी शेते आणि मुलेबाळे गहाण पडल्याची तक्रार करतात आणि तेथील सुभेदार नहेम्या सावकारांना सर्वांसमोर बोलावून जमिनी परत करायला लावतो. इ. स. पू. आठव्या शतकातील संदेष्टा आमोस याचा आरोप असा की, इस्राएलात गरजवंताला एका जोड्याच्या मोलाने विकले जाते. हे वचन कोल्हापुरात वाचताना डोळ्यांसमोर आल्यावाचून राहत नाहीत ते चपला करणारे हात. कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमवायचे, तळ कापायचा, कान आणि अंगठा शिवायचा, आणि घरातल्या बाईने उंबऱ्याशी बसून बारीक वादीची वेणी घालायची, असे हे काम घरभर वाटलेले असते. त्या वेणीची मजुरी बहुधा नगावर ठरते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र दुकानातल्या किमतीतला किती भाग उंबऱ्यापर्यंत परत येतो, हाच आमोसाचा प्रश्न आहे.

नव्या करारात येशू नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचा उतारा वाचून आपल्या कार्याचा आरंभ करतो. दीनांना सुवार्ता आणि ठेचलेल्यांची सुटका हा त्याचा विषय आहे (लूक ४). परंतु शहरी गरिबाच्या दृष्टीने सर्वांत बोलका दाखला मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा आहे. मालक पहाटेपासून मजूर लावत जातो आणि दिवस संपत आला तरी चौकात काही माणसे उभीच असतात. का उभे आहात असे विचारताच ती म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावले नाही. मजूर अड्ड्यावर डबा आणि थापी घेऊन उन्हे वर येईपर्यंत थांबलेला आणि दुपारी तसाच परत फिरलेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला या उत्तराचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मालक त्या शेवटच्यांनाही एक पूर्ण दिनार, म्हणजे दिवसाची मजुरी देतो, कारण त्यांच्या घरची चूलही दिवसालाच पेटते. याकोबाचे पत्र त्याहून स्पष्ट आहे. मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, असे ते म्हणते.

मंडळीच्या इतिहासात हा विचार वारंवार उजळला आणि वारंवार विसरला गेला. चौथ्या शतकात कैसरियाचा धर्मगुरू बासिल याने दुष्काळात धान्य दाबून ठेवणाऱ्यांना उघड दोष दिला; १८६५ मध्ये विल्यम बूथ यांनी लंडनच्या पूर्व भागातील गरिबांत काम सुरू केले, ज्यातून साल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती सेवासंस्था उभी राहिली; १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या न्याय्य वेतनावर परिपत्रक काढले. १९६८ च्या मेडेयीन येथील कॅथलिक बिशपांच्या परिषदेनंतर लॅटिन अमेरिकेत मुक्तीचे ईश्वरविज्ञान, म्हणजे गरिबांच्या मुक्तीच्या बाजूने श्रद्धेचा अर्थ लावणारा विचार, आकाराला आले. भारतात १९८० च्या दशकात अरविंद निर्मळ यांनी दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी केली.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये आले आणि त्यांनी शाळा काढल्या. पुढे १८७० मध्ये हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. शेजारच्या मिरजेत विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले आणि दक्षिण महाराष्ट्रातील असंख्य गरीब रुग्णांना त्याचा आधार झाला. जातीच्या उतरंडीत शाळेची पायरीही न चढू दिलेल्या मुलांना अक्षर देणे ही लहान गोष्ट नव्हती. तरीही व्यवस्था कायद्याने हलवण्याचे काम या शहरात दरबाराने केले, हे मान्य करावे लागते. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, १९१८ मध्ये महार वतने रद्द केली. न्याय म्हणजे काय, याचा धडा येथील ख्रिस्ती माणसाला परक्या मुलखातून आणावा लागत नाही.

या भागातील ख्रिस्ती कुटुंबांत अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे गरिबांचा प्रश्न हा मंडळीच्या बाहेरचा प्रश्न नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने अनुसूचित जातींची सवलत मुख्यतः हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध तीत आले, ख्रिस्ती अजून आलेले नाहीत. मदतीच्या बदल्यात धर्म मागितला जातो, असा संशयही समाजात आहे. त्याला शास्त्राचे उत्तर साधे आहे: येशूच्या दाखल्यातील चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या परक्या जखमीच्या जखमा बांधल्या, पण त्याचा धर्म विचारला नाही. अटीवर दिलेली मदत न्यायही नव्हे आणि दयाही नव्हे.

आजच्या कोल्हापुरात हा प्रश्न राजेंद्रनगर, सदर बाजार, विचारेमाळ अशा वस्त्यांत, उद्यमनगर व शिरोलीच्या फाउंड्रींत आणि कचरा वेचणाऱ्या बायकांच्या बोचक्यात दिसतो; सर्वांत उघडा पडतो तो पंचगंगेच्या पुरात. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी शहरात शिरले, तेव्हा सुतारवाड्यासारख्या सखल भागातील कुटुंबांना घरे सोडावी लागली. अशा वेळी चर्चमधील माणसे जेवण, चटया, औषधे घेऊन धावतात, आणि तसे धावायलाच हवे. मात्र पाणी ओसरल्यावर दुसरे काम सुरू होते. पंचनामा करायला आलेला माणूस घरफाळ्याची पावती मागतो, आणि पावती घरमालकाच्या नावावर असते. भाडेकरूकडे करारपत्र नसते, रेशनकार्डावर पत्ता गावचा असतो, आणि जे होते ते भिजून लगदा झालेले असते. त्या बाईसोबत तलाठी कार्यालयात जाणे, अर्ज लिहून देणे, पोच घेणे, आठ दिवसांनी पुन्हा जाणे, हे काम उपासनेच्या वेळापत्रकात लिहिलेले नसते. जी मंडळी ते करते, तिच्या रविवारच्या प्रार्थनेत त्या बाईचे नाव येते आणि सोमवारी तिच्या अर्जाचा आवक क्रमांकही कोणाच्या तरी वहीत असतो.