उपज शिकता येते

गाता गाता ऐनवेळी सुचणाऱ्या नव्या विस्ताराला उपज म्हणतात. “उपज ही जन्मजात देणगी, ती शिकवून येत नाही, मैफलीत आपोआप सुचते,” असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, कारण मैफलीत रियाज दिसत नाही.

प्रतिभेचा वाटा आहेच. पण सुचतं ते आधी घोटलेल्या स्वरांतूनच. समजा, यमन रागाची कार्यशाळा आहे. मुरलेले गायक सुरुवातीला नि, रे, ग एवढेच स्वर देतात. सगळे मिळून मुखडा, म्हणजे बंदिशीचा सुरुवातीचा भाग, म्हणतात, मग एकेकाने त्या तीन स्वरांत विस्तार करायचा आणि मुखडा नेमका पकडायचा. शेजारच्याने घेतलेली स्वरांची गुंफण ऐकून आपल्याला नवी सुचते. एकट्याच्या रियाजात हे मिळत नाही.

तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन केलेला शेवट, तर सरळ हिशोबाची. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रा विश्रांती: ५+१+५+१+५, म्हणजे १७. तीनताल १६ मात्रांचा. समेवरून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरून, उचललं की शेवटचा आघात बरोबर पुढच्या समेवर. हातावर टाळी धरून मोजून बघा.

आणखी पडताळा हवा असेल, तर एकाच गायकाची एकाच रागातली दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐका. कितीतरी स्वरसमूह दोन्हींत भेटतील, गुंफण मात्र निराळी असेल.