वाहिनी कुठवर न्यायची, हे कोण ठरवतं?

पायाभूत सुविधांचं राजकारण म्हटलं की टेंडर, टक्केवारी आणि फीत कापणारे हात डोळ्यांसमोर येतात. समाजशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ गेल्या तीस-चाळीस वर्षांत जो प्रश्न विचारू लागले आहेत, तो याहून साधा आणि म्हणूनच जास्त अडचणीचा आहे. पाण्याची-मैल्याची वाहिनी, विजेची तार किंवा रस्ता कुठवर न्यायचा आणि कुठे थांबवायचा, हे कोणी ठरवलं?

सुरुवात बहुतेक वेळा लंडनपासून केली जाते. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली, की काठावरच्या संसद भवनातले पडदे क्लोराइड ऑफ लाइम या वास मारणाऱ्या रसायनात भिजवावे लागले. कॉलऱ्याच्या साथींनी त्याआधीच हजारो बळी घेतले होते, तरी गटारांच्या कामाचं घोडं पैशांवर आणि अधिकारांवर अडलेलं होतं. वास खासदारांच्या नाकाशी आला आणि ऑगस्टमध्ये कायदा मंजूरही झाला. जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याने मग सुमारे १३० किलोमीटरची मुख्य भुयारी गटारं बांधून काढली. ही विजयगाथा म्हणून सांगतात आणि ती खोटी नाही. पण १८६६मध्ये कॉलरा पुन्हा आला, तेव्हा त्याने गाठलं ते पूर्व लंडन. गोदी कामगारांच्या, मजुरांच्या या भागातलं गटारांचं काम अजून पुरं व्हायचं होतं, आणि तिथे पाणीपुरवठा करणाऱ्या खासगी कंपनीचं पाणीही दूषित निघालं. पाच हजारांहून जास्त माणसं गेली.

शिवाय मैला नाहीसा झाला नव्हताच, फक्त पुढे ढकलला गेला होता. शहराच्या खालच्या अंगाला, बेक्टन आणि क्रॉसनेसपाशी, तो कसलीही प्रक्रिया न करता नदीत सोडला जाई. १८७८च्या सप्टेंबरमध्ये 'प्रिन्सेस अ‍ॅलिस' ही प्रवासी बोट टक्कर होऊन त्याच टापूत बुडाली. सहाशेहून अधिक लोक दगावले. सांडपाणी थोड्याच वेळापूर्वी सोडलेलं होतं, त्यामुळे माणसं पाण्यात बुडाली की मैल्यात, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. त्यानंतरच्या दशकात मैल्यातला घन भाग वेगळा काढायची व्यवस्था सुरू झाली.

विजेची गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून न्यूयॉर्कमध्ये वीज सुरू झाली ती वॉल स्ट्रीटच्या आसपास, जिथे बँकर आणि वर्तमानपत्रांची कार्यालयं होती. पैसे देणारं गिऱ्हाईक आधी, बाकीचे सवडीने. ही सवड पन्नास वर्षं लांबली. १९३०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या साधारण दहातल्या एकाच शेतघरात वीज होती, कारण विरळ वस्तीत तारा ओढणं वीज कंपन्यांना परवडत नव्हतं. १९३५मध्ये रूझवेल्ट सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाची स्वतंत्र यंत्रणा उभी केली आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना कर्जं दिली. तारा आल्या तशी पाणी ओढण्या-वाहण्याची, हाताने कपडे धुण्याची बायकांची रोजची कामं बदलली. तिकडे १९२०मध्येच लेनिनने सोव्हिएत सत्ता अधिक साऱ्या देशाचं विद्युतीकरण म्हणजे साम्यवाद, अशी व्याख्या केली होती. दोन विरुद्ध विचारांच्या राजवटी, पण राज्यसंस्था घरात पोचल्याची खूण दोघींनी एकच मानली: दिवा.

घड्याळाचंही असंच. १८ नोव्हेंबर १८८३ला अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी आपापसात ठरवून कालविभाग (टाइम झोन) लागू केले. सरकारी कायदा झाला १९१८मध्ये. मधली ३५ वर्षं कंपन्यांचं वेळापत्रक हीच बहुतेकांची वेळ होती.

या साऱ्याला सैद्धांतिक धार आली ती १९८०मध्ये, तंत्रज्ञानाच्या राजकारणाचे अभ्यासक लँग्डन विनर यांच्या एका निबंधाने. रॉबर्ट मोझेस या नगररचनाकाराने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या रस्त्यांवर पूल मुद्दाम ठेंगणे बांधले, म्हणजे बसने येणारे गरीब आणि कृष्णवर्णीय लोक किनाऱ्यावर पोचू नयेत, हे त्यातलं उदाहरण अजूनही उगाळलं जातं. पुढे त्यावर आक्षेप आले. त्या रस्त्यांवर बसना मुळातच मनाई होती, तेव्हा पुलांच्या उंचीने असा काय फरक पडला? आक्षेप वाजवी आहे, पण त्याने मूळ मुद्दा ढळत नाही. बसला मनाई करणारा नियमही कोणीतरी केलेलाच होता.

१९९९मध्ये समाजशास्त्रज्ञ सुझन ली स्टार यांनी मांडलं, की पायाभूत व्यवस्था चालू असते तोवर दिसत नाही, बिघडली की डोळ्यांत भरते. विधान गाजलं. माझ्या मते ते चोवीस तास पाणी असलेल्यांपुरतंच खरं आहे. रांगेत हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला नळ रोजच दिसतो.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या भागातल्या फिरी या वस्तीचा वाद इथे डोळे उघडतो. १९८०च्या दशकात सोवेटोच्या रहिवाशांनी वर्णद्वेषी सरकारविरुद्ध भाडं आणि सेवाशुल्क भरणं बंद केलं होतं. बिल थकवणं हाच लढा होता. १९९४नंतर सरकार आपलं आलं आणि तीच सवय एकाएकी 'थकबाकी' झाली. जोहान्सबर्ग पालिकेने मग फिरीत प्रीपेड मीटर बसवले: महिन्याला घरामागे सहा हजार लिटर मोफत, ते संपलं की आधी पैसे, मग पाणी. सधन उपनगरांत मात्र आधी वापर, नंतर बिल, आणि बिल थकलं तर आधी नोटीस. फिरीतल्या मीटरला नोटीस देता येत नाही, तो नुसता बंद होतो. रहिवासी न्यायालयात गेले. २००८मध्ये उच्च न्यायालयाने ही पद्धत भेदभावाची ठरवून माणशी रोज ५० लिटर मोफत पाणी द्यायला सांगितलं. ऑक्टोबर २००९मध्ये राज्यघटनेच्या प्रश्नांवर अंतिम निकाल देणाऱ्या घटना न्यायालयाने तो निकाल फिरवला. पुरेसं पाणी म्हणजे किती लिटर, हे ठरवणं न्यायालयाचं नव्हे तर सरकारचं काम आहे, असं त्याचं म्हणणं पडलं, आणि मीटर कायम राहिले.