फॅनझीन, ‘स्टार ट्रेक’ मालिकेची

विज्ञानकथेच्या चाहत्यांनी हौसेने, पदरमोड करून काढलेले आणि बहुधा टपालाने वाटलेले अनियतकालिक म्हणजे फॅनझीन. प्रस्तुत नोंद ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या (१९६६–६९, ७९ भाग) आरंभीच्या, स्थूलमानाने १९६७ ते १९७६ या काळातील फॅनझीनपुरती आहे.

फॅनझीन हा शब्द लुई रसेल शोव्हने याने १९४० मध्ये रूढ केला. प्रथा त्याहून जुनी. ह्यूगो गर्न्सबॅक याने १९२६ मध्ये सुरू केलेल्या विज्ञानकथा मासिकात वाचकांची पत्रे पत्त्यांसह छापली जात. त्यातून वाचकांचा आपापसांत पत्रव्यवहार वाढला आणि मंडळे उभी राहिली. पहिल्या फॅनझीनचा मान सहसा ‘द कॉमेट’ला (मे १९३०) देतात. मात्र त्यात कथेपेक्षा विज्ञानावरील मजकूरच जास्त असल्याने काही अभ्यासक ‘द टाइम ट्रॅव्हलर’ (१९३२) पुढे करतात.

मालिकेच्या पहिल्या फॅनझीनचा वादही याच धर्तीचा आहे. मालिका प्रसारित होण्याच्या काही दिवस आधी, सप्टेंबर १९६६ मध्ये क्लीव्हलँड येथील जागतिक विज्ञानकथा संमेलनात मालिकेचा निर्माता जीन रॉडनबेरी याने तिचे नमुना-भाग दाखवले होते. साहजिकच सर्वसाधारण विज्ञानकथा फॅनझीनांतून मालिकेची चर्चा तेव्हापासूनच सुरू झाली. ही चर्चा किंवा मंडळांची वार्तापत्रे जमेस धरली, तर उगम मागे नेता येतो. परंतु कथा, कविता व लेखांसह संपूर्ण अंक मालिकेलाच वाहिलेला असणे ही कसोटी अधिक नेमकी वाटते, आणि त्या कसोटीवर ‘स्पॉकनेलिया’ (सप्टेंबर १९६७) हेच पहिले ठरते. देव्रा लँगसॅम व शेर्ना कॉमरफोर्ड या त्याच्या संपादिका. लँगसॅम ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयात बालविभागाच्या ग्रंथपाल होत्या. १९७० पर्यंत पाच अंक निघाले. आपल्या कचेरीत हे वाचलेच पाहिजे असे मानले जाते, अशा आशयाचे रॉडनबेरीचे पत्र त्यांना आले होते.

अंकांचा मोठा भाग स्पॉक या पात्राने आणि त्याच्या व्हल्कन ग्रहाने व्यापलेला असे. डोरोथी जोन्स हिने व्हल्कन भाषा रचली. तिच्यातील ‘नी वार’ (द्विरूप) हा शब्द पुढे अधिकृत मालिकांत आला आणि २०२० मध्ये तर ग्रहाचेच नाव झाला. चाहत्यांच्या कल्पनेला एवढे अधिकृत स्थान क्वचितच मिळते. रूथ बर्मन हिच्या ‘टी-निगेटिव्ह’ या फॅनझीनचे (१९६९–७९) नाव स्पॉकच्या रक्तगटावरून घेतले आहे.

छपाई मुख्यतः सायक्लोस्टाईलवर होई. टंकयंत्राची रिबन बाजूला सारून मेणाच्या स्टेन्सिलवर मजकूर टंकला जाई, म्हणजे अक्षरांच्या घावाने मेण फाटे आणि त्या फटींतून शाई कागदावर उतरे. चुकलेले अक्षर पातळ द्रावाने बुजवून वर पुन्हा टंकावे लागे. चित्रे टोकदार लेखणीने स्टेन्सिलवरच कोरत. छायाभेद दाखवणे कठीण असल्याने सुरुवातीच्या अंकांत रेखाचित्रेच अधिक दिसतात. शाई ओली राहून मागच्या पानावर उमटू नये म्हणून कागद जाडसर व शोषक वापरत. जांभळ्या शाईच्या स्पिरिट-यंत्राच्या (स्पिरिटने ओलावलेल्या कागदावर शाई उतरवणाऱ्या यंत्राच्या) प्रती लवकर फिक्या पडत आणि एका मूळ प्रतीवरून थोड्याच निघत. छापलेली पाने टेबलावर मांडून, भोवती फिरत एकेक उचलून अंक जुळवला जाई. सत्तरीच्या दशकात ऑफसेट आली आणि मुखपृष्ठे सुधारली. (साठोत्तरी मराठी लघुअनियतकालिकांनीही सायक्लोस्टाईल वापरले, साम्य तेवढ्यापुरतेच, प्रत्यक्ष संबंध नाही.)

किंमत सामान्यतः कागद व टपालखर्च निघेल इतकीच असे; पात्रांचे हक्क इतरांकडे असल्याने नफा न घेण्याचा संकेत होता.

जुन्या फॅनझीनजगात पुरुषांचे प्राबल्य होते. येथे संपादन व कथालेखन प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती आले. चाहतेजगाच्या अभ्यासकांपैकी कॅमिल बेकन-स्मिथ हिने याकडे स्त्रियांचा समाज म्हणून पाहिले, तर हेन्री जेंकिन्स याने वाचकांनी दुसऱ्याच्या रानात, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या कथेत, केलेली चोरशिकार म्हणून. आरंभकाळापुरते पहिले विवेचन अधिक लागू पडते, कारण या संपादिकांचा मालिकेच्या कर्त्यांशी उघड आणि बहुधा स्नेहाचा पत्रव्यवहार होता. स्वतःवरची टीकाही याच वर्तुळातून आली : पॉला स्मिथ हिने १९७३ मध्ये ‘मेनॅजरी’ या फॅनझीनमध्ये लिहिलेल्या विडंबनातील साडेपंधरा वर्षांची सर्वगुणसंपन्न लेफ्टनंट मेरी स्यू आज अशा आदर्शीकृत नायिकेचे सामान्यनाम झाली आहे.

जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला मालिकेचे मोठे संमेलन भरले. त्याच्या आयोजकांत लँगसॅमही होत्या. १९७६ मध्ये बँटम या व्यावसायिक प्रकाशनाने फॅनझीनांतील निवडक कथांचा संग्रह काढला. अंकांचे मोठे संग्रह आज आयोवा विद्यापीठासारख्या अमेरिकी ग्रंथालयांत जतन केलेले आहेत.