तांबूस लागर आणि भाजणीचा वास

बोस्टनमध्ये सप्टेंबरच्या एका संध्याकाळी ‘सॅम्युअल ॲडम्स ऑक्टोबरफेस्ट’ या बिअरचा ग्लास उजेडासमोर धरला, तेव्हा चिंचेने घासलेल्या तांब्याच्या लोट्याची आठवण यावी असा तिचा रंग होता आणि पलीकडची खिडकीची चौकट तिच्यातून स्वच्छ दिसत होती. पहिला घोट फ्रिजच्या गारव्यासकट घेतला आणि जिभेला जवळजवळ काहीच कळले नाही. दहा-पंधरा मिनिटांनी तो गारवा उतरला, तसा फेसातून ओळखीचा वास वर आला : थालीपिठाच्या भाजणीचा.

हा नुसता भास नव्हता. बार्लीला मोड आणून ते दाणे गरम हवेत वाळवले की मॉल्ट तयार होते. फिकट पिल्स्नर मॉल्टला शेवटी साधारण 80 ते 85 अंश सेल्सिअसची धग पुरते. म्युनिक मॉल्ट मात्र 100 ते 105 अंशांपर्यंत नेतात. मोड येताना दाण्यातली प्रथिने आणि स्टार्च काही प्रमाणात फुटून अमिनो आम्ले आणि साध्या शर्करा सुट्या झालेल्या असतात, आणि या धगीत त्यांचा संयोग होऊन तपकिरी रंगाची, खमंग वासाची असंख्य संयुगे बनतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मेयार यांनी 1912 मध्ये वर्णन केलेली ही अभिक्रिया कढईत भाजणी परततानाही घडते आणि तव्यावरच्या भाकरीला डाग पडतानाही.

हा खमंगपणा मूळचा दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियातला. तिथे 1553 च्या फर्मानाने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर बनवायला बंदी घातली, कारण उन्हाळ्यात ती हमखास बिघडे. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर करून थंड तळघरात साठवू लागले. म्हणून तिचे नाव मेर्त्सेन, म्हणजे ‘मार्चची’. राजपुत्र लुडविग आणि थेरेसे यांच्या 1810 मधल्या विवाहापासून बव्हेरियाच्या राजधानीतला, म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट हा उत्सव सुरू झाला आणि 1872 मध्ये म्युनिकचे ब्रूअर योसेफ झेडलमायर यांची तांबूस लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवून मुरवलेली बिअर, तिथे आली. पुढे 1970 च्या दशकात म्युनिकच्याच पाउलानर या ब्रूअरीने फिकट, पिण्यास हलकी बिअर आणली, आणि आज उत्सवाच्या तंबूंतली बिअर सोनेरी असते. जिम कुक यांच्या बोस्टन बिअर कंपनीने 1989 पासून चालवलेली ही 5.3 टक्के अल्कोहोलची लागर मात्र जुन्या तांबूस वळणाची आहे, आणि मला तिचे मोल त्यासाठीच अधिक वाटते.

मॉल्टचा वास इतका स्पष्ट येण्याचे श्रेय यीस्टचेही आहे. लागर आंबवणारे यीस्ट, सॅकरोमायसीस पास्टोरिॲनस, हा दोन जातींचा संकर आहे. त्यातली थंडी सोसणारी जात शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलातून नोंदवली. साधारण 8 ते 13 अंशांत काम करताना हे यीस्ट केळ्यासारखा वास देणारी एस्टर नावाची संयुगे फारच कमी बनवते, त्यामुळे धान्याचा सुगंध झाकला जात नाही. मात्र थंडीत एक अडचण उभी राहते. यीस्टमधून बाहेर पडलेल्या एका आम्लाचे हळूहळू डायअसिटाइल होते, आणि त्याला लोण्याचा वास असतो, लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमच्या आसपासही तो अनेकांना जाणवतो. यीस्टच ते पुन्हा शोषून निरुपद्रवी करते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. तो पुरेसा दिला की नाही, हे पाहण्याची ब्रूअरींची रीत मला फार आवडते : थोडी बिअर झाकलेल्या ग्लासात घेऊन 60 अंशांच्या पाण्यात ठेवतात, गार करतात आणि हुंगतात. लोण्याचा वास आला, तर टाकीला हात लावायचा नाही. त्यानंतर शून्य अंशाच्या आसपास काही आठवडे विश्रांती. तेवढ्यात यीस्ट आणि प्रथिनांचा गढूळपणा तळाशी बसतो. खिडकीची चौकट स्वच्छ दिसली ती त्यामुळे.

जर्मन मेर्त्सेनशी फरक आहे तो गोडव्याचा. अमेरिकी पाककृतीत कॅरॅमल मॉल्ट असते. त्याचे दाणे ओले असतानाच तापवल्यामुळे आत शर्करा बनून घट्ट होते, आणि तिच्यातला काही भाग यीस्टला खाता येत नाही. म्हणून घोट गिळल्यावरही चिक्कीच्या पाकासारखी चव मागे राहते, तर म्युनिक मॉल्टवर भर देणारी जर्मन मेर्त्सेन शेवटी कोरडी लागते. मला कोरडा शेवट अधिक रुचतो. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुले, मात्र इथे हालरटाउ आणि टेटनांगचे, म्हणजे जर्मनीतलेच आहेत. अमेरिकी क्राफ्ट बिअरचा ओळखीचा कॅस्केड हॉप संत्र्या-मोसंबीच्या सालीसारखा दरवळतो आणि भाजणीच्या वासावर सहज मात करतो. या जर्मन हॉप्सची कडू, किंचित गवती छटा गोडव्यामागून सावकाश येते आणि पुढच्या घोटासाठी जीभ साफ करते.