स्टिअरिंगमधून येणारी खटखट : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पावसाळा ओसरू लागला की ठाण्यातील वागळे इस्टेटमधील आमच्या गॅरेजमध्ये एकच तक्रार वारंवार येते : गाडी खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून जाताना स्टिअरिंगमधून खटखट ऐकू येते आणि कधी कधी ती हातालाही जाणवते. घोडबंदर रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यांना तिचे मूळ कारण वेगळे सांगायला नको. मात्र यातील काही ग्राहक ‘रॅक गेला आहे, पूर्ण बदलावा लागेल’ हा दुसरीकडे मिळालेला सल्लाही सोबत घेऊन येतात, आणि आमच्या अनुभवात तो सल्ला बहुतेक वेळा घाईचा ठरतो. (रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर डावी-उजवीकडे सरकून चाके वळवणारा दातेरी दांडा.)

आवाज स्टिअरिंगमधून ऐकू येतो म्हणून तो तिथेच निर्माण होतो, असे नाही. स्टिअरिंगचा दांडा खाली रॅकला, रॅक टाय रॉडला आणि टाय रॉड चाकाला जोडलेला असतो. त्यामुळे चाकाजवळच्या एखाद्या सांध्यात प्ले, म्हणजे सैलपणा, आला, तरी त्याचा ठोका या लोखंडी साखळीतून थेट आपल्या हातापर्यंत पोहोचतो. म्हणून दुरुस्तीपेक्षा आवाजाची जागा शोधण्यात आमचा अधिक वेळ जातो, आणि तो जावा अशीच आमची भूमिका आहे.

आवाज नेमका केव्हा येतो, हे ग्राहकाने नीट सांगितले तर निम्मे काम होते. संथ वेगात लहान-लहान खड्ड्यांवर, विशेषतः एकच चाक वर-खाली होताना सतत टकटक होत असेल, तर आमचा पहिला संशय लिंक रॉडवर (गाडीचा कल रोखणाऱ्या आडव्या दांड्याला चाकाच्या बाजूशी जोडणारा छोटा रॉड) असतो. ब्रेक दाबताना किंवा गाडी सुटताना एकच जड ठोका बसत असेल, तर लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीशी जोडणारा भाग) बुश, म्हणजे त्यातील रबरी सांधा, पाहावा लागतो. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग सुटल्यासारखा टणकन आवाज येत असेल, तर शॉकअपच्या वरचा माउंट (त्याला गाडीशी जोडणारा भाग) किंवा त्यातील बेअरिंग अडकत असते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना कटकट होत असेल, तर ती बहुधा एक्सलच्या जॉइंटची असते आणि स्टिअरिंगचा तिच्याशी काही संबंध नसतो.

तपासणी आम्ही 2 माणसांनी करतो. गाडीची चारही चाके रॅम्पवर टेकलेली आणि इंजिन चालू असताना एकजण स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे, पण झटक्याने हलवतो; दुसरा खाली उभा राहून प्रत्येक सांध्यावर हात ठेवतो. झिजलेल्या टाय रॉड एंडचा (टाय रॉडचा चाकाकडचा सांधा) ठोका बोटांना स्पष्ट कळतो. त्यानंतर पुढचे चाक उचलून ते घड्याळातील 3 आणि 9 या जागी धरून हलवले की टाय रॉडचा आणि रॅक एंडचा (टाय रॉडचा रॅककडचा सांधा) प्ले दिसतो. 12 आणि 6 या जागी धरले की लोअर बॉल जॉइंटचा (लोअर आर्म आणि चाक यांमधला गोल सांधा) किंवा चाकाच्या बेअरिंगचा. लिंक रॉडचा संशय असल्यास दोन्ही बाजूंचे रॉड तात्पुरते सोडवून गाडी जवळच्या रस्त्यावर हळू फिरवून आणतो. आवाज थांबला, तर शोध संपला. ग्राहकाने या फेरीत सोबत यावे, असा आमचा आग्रह असतो, कारण ‘तोच आवाज’ फक्त त्यालाच ओळखता येतो.

टाय रॉड एंड, रॅक एंड किंवा लोअर आर्म बदलल्यावर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करणे आवश्यक आहे. ते टाळल्यास टायर एका कडेने झिजतो आणि वाचवलेले पैसे तिथे जातात. लोअर आर्मचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच शेवटचे आवळावे लागतात. गाडी उचललेली असताना आवळले, तर ती खाली येताच बुशचे रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुशही लवकर फाटतो. ‘नुकताच बदलला, तरी आवाज आला’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते. आवाज बंद करण्यासाठी बुशवर तेल किंवा ग्रीस मारून घेऊ नये. दोन दिवस शांतता मिळते, पण तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते.

आता रॅकविषयी. रॅकच्या दोन्ही टोकांवरील रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटला, की साचलेल्या पाण्यातून चिखल आत जातो, ग्रीस धुऊन निघते, गंज चढतो आणि मग मात्र रॅक खरोखरच खराब होतो. बूट वेळीच बदलणे हा त्यामानाने किरकोळ खर्च आहे. रॅकमध्ये थोडाच प्ले असेल, तर काही गाड्यांत तो सेटिंगने काढता येतो. परंतु सेटिंग गरजेपेक्षा जास्त आवळले, तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, म्हणून आम्ही ते अगदी थोडे फिरवतो आणि चालवून पाहतो. काही गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या मोटरजवळचे छोटे कपलिंग (जोड-तुकडा) झिजते आणि हुबेहूब रॅकसारखा आवाज करते. हे सर्व तपासल्याशिवाय आम्ही पूर्ण रॅक बदलण्याचे अंदाजपत्रक देत नाही.

खटखटीबरोबर स्टिअरिंग सैल वाटत असेल, किंवा सरळ रस्त्यावर गाडी स्वतःहून बाजूला जात असेल, तर ती चालवत आणू नये, टो करून आणावी. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड निसटल्यास चाकावर ताबा राहत नाही, आणि घोडबंदर रस्त्यावरील गायमुखच्या उतारावर तसे घडणे फार महागात पडेल. इतर वेळी गाडी शक्यतो सकाळी आणावी, म्हणजे चालवून पाहण्यासाठी रस्ते मोकळे मिळतात. काढलेला जुना भाग आम्ही ग्राहकाच्या हाती देतो. त्याचा प्ले स्वतः हलवून पाहावा आणि मगच बिल द्यावे.