बिल जुळलं नाही म्हणजे सॉफ्टवेअर बोगस?

बिल्डिंगला वर्षभर किती वीज लागेल याचा अंदाज कॉम्प्युटरवर काढतात, त्याला सिम्युलेशन म्हणतात. "बिल्डिंगच्या सिम्युलेशनमधले युनिट मीटरशी जुळले नाहीत म्हणजे सॉफ्टवेअर चुकीचं" हे बरीच वर्षं फिरतंय. वाटणं साहजिक आहे, पण मीटरमधे त्या वर्षीचा उन्हाळा, कोणी एसी २० वर ठेवला, कोणी लाइट रात्रभर चालू ठेवले असं सगळंच येतं, आणि सॉफ्टवेअरला आपण दिलेलं असतं सरासरी वर्षाचं हवामान नि अंदाजे टाइमटेबल. उलट आकडा जुळला तरी दोन चुका एकमेकींना खाऊन जुळलेला असू शकतो, ते जास्त फसवं!

म्हणून खरी टेस्ट माणसं वगळून करतात. बेसटेस्ट पद्धतीत एक साधी खोली असते, ८ बाय ६ मीटर, उंची २.७, दक्षिणेला १२ चौरस मीटर काच, तीच वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधे चालवून उत्तरं शेजारी ठेवायची, मग एकेक गोष्ट बदलत जायचं, हलक्या भिंतीऐवजी जड, काच पूर्व-पश्चिमेला, म्हणजे गडबड नेमकी कुठे ते सापडतं.

स्वतः बघायचंय? ऊन, आकाशाकडे जाणारी उष्णता, हवागळती सगळं बंद करा, बाहेरचं तापमान स्थिर ठेवा आणि उष्णता फक्त एकाच भिंतीतून जाऊ द्या. १० चौरस मीटर भिंत, यू-व्हॅल्यू (एक अंश फरकाला दर चौरस मीटरमधून जाणारे वॅट) २, आत-बाहेर फरक १० अंश, गुणाकार २०० वॅट. सॉफ्टवेअरनेही तेवढेच दाखवायला हवेत.