प्री-डेंटल विज्ञान विषयांचे नियोजन (अमेरिका)

अमेरिकेतल्या दंतवैद्यक महाविद्यालयात प्रवेश मिळवण्यासाठी पदवीच्या वर्षांत काही विज्ञान विषय पूर्ण करावे लागतात. त्यांना तिथे ‘प्रीरेक्विझिट’ म्हणतात. हे विषय कोणत्या सत्रात आणि कोणत्या क्रमाने घ्यायचे याची आखणी म्हणजे प्री-डेंटल नियोजन. ‘प्री-डेंट’ ही पदवी नव्हे आणि बहुतेक विद्यापीठांत तो मुख्य विषयही नसतो. ते एका वाटेचे नाव आहे. इतिहासात किंवा संगीतात पदवी घेणारी मुलगीसुद्धा प्री-डेंट असू शकते, पण सेंद्रिय रसायनशास्त्र तिलाही चुकत नाही.

दंतवैद्यकाची पदवी तिथे साधारणपणे पहिल्या पदवीनंतरची, चार वर्षांची असते. तिला काही महाविद्यालये डीडीएस म्हणतात, काही डीएमडी. दोन्ही समकक्ष असून फरक नावापुरता आहे. डीडीएस हे नाव १८४० मध्ये स्थापन झालेल्या बाल्टिमोर कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीपासून चालत आले, तर डीएमडी १८६७ मध्ये सुरू झालेल्या हार्वर्डच्या दंतवैद्यक शाळेपासून. दंतवैद्यकाआधी महाविद्यालयीन शिक्षण हवे, या आग्रहाला बळ दिले ते विल्यम गाइज यांच्या १९२६ च्या अहवालाने. कार्नेगी फाउंडेशनसाठी तयार केलेल्या या अहवालात त्यांनी दोन वर्षांच्या महाविद्यालयीन पूर्वशिक्षणाची शिफारस केली होती.

आज बहुतेक ठिकाणी मागणीचा गाभा सारखाच दिसतो. जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र या चारही विषयांची प्रत्येकी दोन सत्रे, प्रात्यक्षिकांसह, म्हणजे साधारण ८ सेमिस्टर क्रेडिट (क्रेडिट हे विषयाच्या अभ्यासभाराचे माप). त्यात जीवरसायनशास्त्राच्या एका सत्राची आणि इंग्रजी लेखनाची भर पडते. सूक्ष्मजीवशास्त्र, शरीररचना, शरीरक्रिया आणि संख्याशास्त्र कुठे सक्तीचे असतात, तर कुठे नुसतेच ‘घेतल्यास उत्तम’. जिथे क्वार्टर पद्धत आहे, म्हणजे वर्षात दोनऐवजी तीन टर्म असतात, तिथे ८ सेमिस्टर क्रेडिट म्हणजे १२ क्वार्टर क्रेडिट. विद्यापीठ बदलताना हे गणित हमखास चुकते: तीनपैकी दोनच क्वार्टर रसायनशास्त्र केलेल्या विद्यार्थ्याला ‘दोन टर्म झाल्या’ असे वाटते, प्रत्यक्षात त्याची चार क्वार्टर क्रेडिट कमी भरतात.

नियोजनाचा खरा कणा रसायनशास्त्राची साखळी आहे. सामान्य रसायनशास्त्र एक, मग दोन, मग सेंद्रिय एक, मग दोन, आणि त्यानंतर जीवरसायनशास्त्र. पुढचा विषय मागच्यावर उभा असल्याने ही पाच सत्रे सहसा एकापाठोपाठ एकच घ्यावी लागतात. जीवशास्त्र किंवा भौतिकशास्त्र इकडेतिकडे सरकवता येते, ही साखळी नाही. शिवाय पहिल्या कडीच्याही आधी गणित असते. प्रीकॅल्क्युलसची, म्हणजे कलनशास्त्राआधीच्या गणिताची, तयारी नसेल, तर अनेक ठिकाणी सामान्य रसायनशास्त्राला नावच नोंदवता येत नाही.

समजा, एका लहान महाविद्यालयात सेंद्रिय एक फक्त ऑगस्टच्या सत्रात शिकवले जाते. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तो विषय घेतला, ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या चाचणीत गुण घसरले आणि त्याने नाव काढून घेतले. गुणपत्रकावर ‘डब्ल्यू’ (विषय मध्येच सोडल्याची खूण) उमटला, सरासरी वाचली. पण जानेवारीत सेंद्रिय दोन घेता येत नाही आणि सेंद्रिय एक पुन्हा यायला पुढचा ऑगस्ट उजाडतो. एका चाचणीचा धक्का असा पुरा एक वर्षाचा होतो. उन्हाळी सत्रात विषय उरकणे हा एक तोडगा आहे, पण पंधरा आठवड्यांचा मजकूर सात-आठ आठवड्यांत बसवलेला असतो. सेंद्रियसाठी तो फार थोड्यांना मानवतो.

म्हणून आखणी उलट्या दिशेने, अर्जाच्या तारखेपासून मागे मोजत करतात. बहुतेक अर्ज एएडीएसएएस या मध्यवर्ती सेवेतून जातात. टेक्ससच्या महाविद्यालयांसाठी टीएमडीएसएएस ही वेगळी सेवा आहे. अर्ज साधारण उन्हाळ्याच्या सुरुवातीला घेतले जातात आणि प्रवेश पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मिळतो. अर्ज आले तसे तपासले जात असल्याने उशिरा आलेल्या चांगल्या अर्जाचेही नुकसान होते. सलग चार वर्षांत पदवी संपवून लगेच दंतवैद्यकाला जायचे असेल, तर अर्ज तिसऱ्या वर्षाच्या शेवटी द्यावा लागतो, आणि तोपर्यंत डीएटी ही प्रवेश चाचणी झालेली असावी.

डीएटी अमेरिकन डेंटल असोसिएशन घेते. तिच्या विज्ञान विभागात ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात: ४० जीवशास्त्राचे, ३० सामान्य रसायनशास्त्राचे, ३० सेंद्रियचे. भौतिकशास्त्राचा एकही नाही. त्यामुळे सेंद्रिय दोन आटोपले की त्या उन्हाळ्यात परीक्षा देणे आणि भौतिकशास्त्र तिसऱ्या वर्षावर ढकलणे, ही रूढ आणि बऱ्यापैकी शहाणपणाची वाट आहे. परीक्षेचा एक भाग मात्र कुठल्याच विषयात शिकवला जात नाही: घडी घालून छिद्र पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, चार कोनांचा लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम कोणता, असे ९० प्रश्न एका तासात. पूर्वी याच कौशल्यासाठी उमेदवारांना खडू कोरायला लावत.

गुणांच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. विषय पुन्हा घेतला की जुना गुण पुसला जातो, असे अनेक विद्यापीठांचे स्वतःचे नियम सांगतात. एएडीएसएएस मात्र दोन्ही प्रयत्न मोजते. पहिल्यांदा डी आणि नंतर ए मिळाला, तरी सरासरीत दोन्ही येतात. विज्ञान विषयांची सरासरी वेगळीही काढली जाते, म्हणजे सोप्या विषयांतले चांगले गुण रसायनशास्त्रातली पडझड झाकू शकत नाहीत. त्यामुळे एकाच सत्रात सेंद्रिय, भौतिकशास्त्र आणि शरीरक्रिया असे प्रात्यक्षिकांचे तीन विषय घेण्याची मर्दुमकी सहसा अंगाशी येते. दोन प्रात्यक्षिके पेलवतात. तिसऱ्याचे अहवाल लिहिता लिहिता आठवडा संपतो.

बारीकसारीक नियम महाविद्यालयागणिक बदलतात, आणि ते त्या-त्या संकेतस्थळावरच पाहावेत. वरच्या वर्गातल्या मुलांचे सांगणे पुरेसे नसते. शाळेतच महाविद्यालयीन पातळीची परीक्षा देऊन मिळवलेले एपी क्रेडिट कुठे चालते, कुठे त्याच विषयातला वरचा वर्ग मागतात. कम्युनिटी कॉलेजमधल्या (दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयातल्या) क्रेडिटवर काही ठिकाणी मर्यादा असते. ऑनलाइन प्रात्यक्षिके, पास-नापास पद्धतीचे गुण आणि फार जुने विषय यांवरही आक्षेप येतो. विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठी आखलेला हलका रसायनशास्त्राचा वर्ग चालत नाही. नाव जवळपास सारखे असल्याने नोंदणी करताना विषयाचा क्रमांक तपासणे इथे महत्त्वाचे.

आखणीचा शिफारसपत्रांशीही संबंध आहे. बहुतेक ठिकाणी विज्ञान शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांची पत्रे लागतात. तीनशे जणांच्या सभागृहात बसलेल्या विद्यार्थ्याला प्राध्यापक ओळखत नाहीत. सूक्ष्मजीवशास्त्रासारखा वीस-पंचवीस जणांचा वर्ग तिसऱ्या वर्षाच्या आधी घेतलेला असेल, तर पत्र कोणाकडे मागायचे हा प्रश्न उरत नाही.

पदवीनंतर दंतवैद्यकाकडे वळणारे लोक राहिलेले विषय ‘पोस्ट-बॅक’, म्हणजे पदवीनंतरचे पूरक शिक्षण, म्हणून घेतात. रसायनशास्त्र शून्यापासून सुरू करायचे, तर पाच सत्रांची साखळी त्यांनाही आहेच. अर्ज करताना सर्व विषय पूर्ण असलेच पाहिजेत असे नाही. चालू किंवा पुढे घ्यायचे विषय अर्जात तसेच नोंदवता येतात. मात्र मिळालेली जागा अटीवर असते. शेवटच्या सत्रावर ढकललेल्या भौतिकशास्त्र दोनमध्ये डी आला, आणि महाविद्यालय किमान सी मागत असेल, तर हातात आलेली जागाही जाऊ शकते.